न ऐकलेली नऊ मिनिटं

तीर्थरूप नाना,
अण्णा नगरहून तुमच्या नवनाथचा नमस्कार.

इकडे मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे?

कृष्णेत बुडालेल्यांना तुम्ही बाहेर काढता, त्यावरचा शरण्याचा माहितीपट मीच एडिट करतोय. ती तंजावरी मराठीत तुम्हाला अप्पा म्हणते आणि तुम्ही हसून ओ देता. फोनवर माझ्याशी बोलताना तुम्ही "जेवलास का"च्या पुढे जात नाही.

गेल्या आठवड्यात एडिट करताना चित्रणात तिचा प्रश्न आला, "मुलाला पोहायला का शिकवलं नाहीत?" मी हे लहानपणापासून विचारतोय. तिला मात्र तुम्ही लगेच सांगायला लागलात. मी आवाज बंद केला.

पुढची नऊ मिनिटं न ऐकताच बाजूला ठेवली आहेत. शरण्या रोज मागते. देणार नाही.

दिवाळीला येतोय. ते आधी मला सांगा.

तुमचाच,
नवनाथ