पालखीने वाट बदलली तो शिमगा

गुरुजी,

उद्या पालखी आमच्या दारात यायची आहे. अंगण सारवून झालंय, आणि सहाणेवर, जिथे देवाची पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, पोरं ढोल तापवतायत. तो आवाज आला की दर वर्षी तुमच्याशी बोलावंसं वाटतं. तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईला नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते. पोस्टकार्ड पोचलं तोवर तुमचं तेरावंही उरकलं होतं. त्यामुळे पुढे जे घडलं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं, आणि ते सांगण्यासारखं आहे. फुशारकी वाटली तर वाटू दे. तुमच्या वर्गात मला फुशारकी मारायची संधी कधी मिळालीच नव्हती.

पाचवीचा वर्ग आठवतो. तुम्ही विचारता, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येतात ते वारे कुठले? मी ताठ उभी राहून सांगते, "मतलई." सगळा वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. खडू खाली ठेवता आणि म्हणता, "समुद्राच्या काठावर जन्मलीस नि वारा ओळखता येत नाही? चल बाहेर." मग पुढे मी रडत, मागे तुम्ही, आणि तुमच्या मागे फुकटची सहल मिळाल्यासारखा सगळा वर्ग, असे आपण भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत जाऊन उभे राहिलो. तुम्ही खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातात दिलंत आणि वर धरायला लावलंत. ते सड्याकडे, वाडीमागच्या उंच कातळाकडे, फडफडायला लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा बोलावलंत. आता तेच उपरणं समुद्राकडे ओढ घेत होतं. "नाव विसरलीस तर मार्क जाईल," तुम्ही म्हणालात, "दिशा विसरलीस तर होडी जाईल." मी ट्रेनिंगला निघाले तेव्हा एसटीच्या स्टँडवर तुम्ही त्याच उपरण्यात आंबापोळी बांधून आणलीत. उपरणं परत करायला लागले तर म्हणालात, "राहू दे. मुंबईत वारा नसेना का, घाम तर असेल."

ट्रेनिंग संपवून मी रत्नागिरीला परत आले, इस्पितळात लागले, आणि त्या वर्षी शिमग्याला दोन दिवसांची रजा काढून आईकडे वाडीत आले होते. भोपाळच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या, पण भोपाळ लांब होतं. आपल्या वाडीच्या खालच्या अंगाला, सुरूच्या बनाच्या अलीकडे, एका व्यापाऱ्याचं तांदळाचं गोदाम होतं. किड्यांसाठी पोत्यांच्या थपीत विषारी गॅसच्या गोळ्या ठेवून वरून मोठी ताडपत्री घालायची, तिच्या कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या आणि आठवडाभर तिकडे कुणी फिरकायचं नाही, अशी तिथली रीत. नेमका त्याच आठवड्यात शिमगा आला. सहाणेवर सावलीला ताडपत्री कमी पडली. आता देवाच्या मांडवाला ताडपत्री हवी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? गोदामाचा राखणदार आपल्याच वाडीतला. "घ्या की, देवाचंच काम हाय," म्हणून त्याने कुलूप काढलं, आणि पोरांनी थपीवरची ताडपत्री ओढून भर दुपारी वाजतगाजत वर आणली.

थोड्या वेळाने त्यातले दोघे ओकायला लागले. लोक हसले. "सकाळपासूनच चढवलीय वाटतं!" वारा आला की लसणीसारखा, कार्बाइडसारखा, सडक्या मासळीसारखा उग्र वास येत होता. पण आंब्याच्या आणि मासळीच्या गावात असल्या वासाला कोण विचारतो? मी त्या पोरांची नाडी धरली. तोंडाला दारूचा वास नव्हता. ताडपत्री कुठून आणली ते विचारलं, तर त्यांनी खाली गोदामाकडे बोट दाखवलं. ती गोळी पोटात गेलेला एक पेशंट मी इस्पितळात पाहिला होता. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, या विषाला उतारा नाही, आणि गोळीला पाणी लागलं की गॅस आणखी सुटतो.

मी गोदामाकडे धावले तर तिथे हंडे-कळश्या घेऊन बायामाणसांची रांग! भोपाळला ओल्या फडक्याने लोक वाचले असं कुणीतरी ऐकलं होतं, म्हणून आता सगळं गोदामच भिजवायला निघाले होते. राखणदार उघडं राहिलेलं दार ओढून घ्यायला गेला होता, तो उंबऱ्याच्या आतच पडला होता. "पाणी टाकू नका!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की माझा मलाच धक्का बसला. हंडे खाली ठेवले गेले. आखातातून सुट्टीवर आलेला शेजारच्या मोहल्ल्यातला एक भाऊ पुढे झाला. तिकडे तेलाच्या कंपनीत असली कामं त्याने पाहिली होती. कमरेला दोर बांधून, छाती भरून श्वास घेऊन तो आत शिरला, आणि आम्ही दोर ओढला तसा राखणदाराला काखेत धरून बाहेर आला. लगेच स्वतःच्याच टेंपोत त्याला आणि त्या दोन पोरांना घालून तो इस्पितळाकडे सुटला. आता आत कुणी नव्हतं, पण गोदाम आणि सडा यांच्या मधोमध आपली अख्खी वाडी बसली होती.

आणि वाडी हलेना, गुरुजी! पालखी घरोघर निघायची होती. त्या दिवशी घर सोडून कोण जाणार? माझी स्वतःची आई खोकत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी ओटीचं तबक मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली. मी हाताला धरून उठवायला गेले तर तिने हात झिडकारला. "देव दारात आला नि मी घरात नाय, असा कदी झाला नाय, गो. तू जा." काहीजण निघाले, तेही सड्याच्या दिशेने, कारण भरती असो की वादळ, जीव वाचवायला वर चढायचं हे आपल्या हाडात भिनलेलं. मी सहाणेकडे पळत गेले. पालखीपुढचं निशाण सड्याकडे फडफडत होतं. मला तुमचं उपरणं दिसलं. खरंच दिसलं, गुरुजी. गॅस सड्याकडेच चालला होता आणि माणसं त्याच्या सोबतीने चढत होती.

मी पालखीचे मानकरी आबा यांचे पाय धरले. म्हटलं, "आबा, पालखी उचला. घरोघर नको, गोदामाला वळसा घालून सरळ समुद्रावर न्या. ती निघाली की वाडी निघेल."

"देवाला इचारल्याबिगार पालखी हलायची नाय," आबा म्हणाले. "नि खाली म्हंजे गोदामाच्याच अंगाला? मरणाकडं नेतंस काय आमाला?"

"वारा समुद्राकडनं येतोय, आबा. निशाण बघा! आज नाही उचललीत तर पुढच्या शिमग्याला पालखीला खांदे उरायचे नाहीत."

आबांनी निशाणाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी नीट केली, हात जोडले आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुजी वाट बदलतंय. काय चुकला-माकला असंल तर पदरात घे नि लेकराबाळांना संबाळ!"

"व्हय म्हाराजा!" सहाणेवरची माणसं गरजली, आणि ढोलावर टिपरी पडली.

तो ढोल मी मरेपर्यंत विसरणार नाही. पालखी अवेळी, भलत्याच वाटेने निघाली हे ऐकून दारं धडाधड उघडली. म्हाताऱ्या, बाळंतिणी, सड्याकडे निम्म्यावर गेलेले, सगळे "अरे, देव कुठं चालला?" करत मागे धावले. आम्ही लांबून वळसा घेतला आणि सुरूच्या बनात शिरलो. तिथे खारट, स्वच्छ वारा समोरून तोंडावर आला. मागे वळून पाहिलं, तर सगळ्यांच्या शेवटी माझी आई, तबक दोन्ही हातांत धरून, देवाला शिव्या घालत येत होती.

भाट्याच्या वाळूत पालखी नाचली, गुरुजी! लाटा भोयांच्या पोटऱ्यांपर्यंत येत होत्या. आईने तिथेच, ओल्या वाळूत उभं राहून देवाची ओटी भरली. इस्पितळातून वर्दी गेली होती, संध्याकाळी बंब आला, साहेब आले. तोंडाला मास्क लावून गोदाम मोकळं करायचं काम सुरू झालं. साहेबांनी विचारलं, "लोकांना हलवायचा हुकूम कुणी दिला?"

"देवान," आबा म्हणाले. मग माझ्याकडे हनुवटी उडवून म्हणाले, "नि ह्या बायन. दोघांनी मिळून."

एकही माणूस दगावला नाही. ओकणारी पोरं दोन दिवसांत घरी आली. राखणदार बरेच दिवस इस्पितळात होता, माझ्याच वॉर्डात, आणि पुढच्या शिमग्याला पालखीचा पहिला खांदा आबांनी त्याला दिला. तेव्हापासून पालखी दर वर्षी एकदा समुद्रावर जाते. नव्या पोरांना वाटतं ही पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा आहे. मी त्यांना सांगत नाही. एखादी प्रथा आपल्या हातून सुरू व्हावी, याचा आनंद गुपचूप घेण्यात जास्त आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी घालून ते तुमच्या उपरण्यात ठेवीन. ते अजून माझ्या ट्रंकेत आहे, जरा विरलंय. आणि एक गोष्ट राहिलीच, हसू नका. मघाशी वरती वाऱ्याचं नाव लिहिताना मला शेजारच्या सुनेला हाक मारून विचारावं लागलं, खारे कुठले नि मतलई कुठले. अजूनही घोळ होतो, गुरुजी. पण विचारून झाल्यावर मी अंगणात जाऊन पदर वर धरला. तो सड्याकडे फडफडला.