मैंदर्गीचा एकच अंक

सोलापूर, मंगळवार, मार्च १९७४

मी पत्ता सांगितला नाही. तरी त्याला मिळाला.

महादेवी आमच्या शिवणकामाच्या मासिकाची वर्गणीदार. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती मैंदर्गीला मैत्रिणीकडे राहते. नवा पत्ता कळवताना तिने कार्डावर लिहिले होते, ‘कुणाला सांगू नये.’ पत्ते छापायच्या यंत्रासाठी तिच्या नाव-पत्त्याची पट्टी मीच बनवली.

आज नवरा कचेरीत आला. अगदी नरम. “अंक येत न्हाय की आमच्याकडं, बाई. कुटं धाडता?”

“पत्ते आम्ही सांगत नाही.”

आमचे व्यवस्थापक आतल्या खोलीतून हसले. “अहो बाई, नवऱ्यापासून कसलं गुपित? सरकारी खजिना आहे का तो?”

मी पत्ता दिला नाहीच. स्वतःवर खूशही होते. मग पाहिले, तो टपालाच्या टेबलाशी उभा. गावांप्रमाणे गठ्ठे मीच लावलेले, नावे वरच्या बाजूला. मैंदर्गीचा एकच अंक. चुना लागलेला त्याचा अंगठा तिच्या नावावर.

“ऱ्हाऊ द्या,” म्हणाला. “घावलं.”

अंक उलटे ठेवले असते तर? इतके साधे.

तो निघून गेला. वेष्टनावर चुन्याचा डाग राहिला. तसाच ठेवून मी तार ऑफिसात गेले. ‘नवरा येत आहे. ताबडतोब निघा.’ खिडकीतल्या कारकुनाने खात्रीसाठी तिचे नाव, मैत्रिणीचे नाव, गल्ली, गाव, सगळे मोठ्याने वाचले. बरोबर ना, विचारले.

मी हो म्हटले. मागे रांग होती. कोण कोण ऐकत होते, वळून पाहिले नाही.