अडीच सेकंद

४ मार्च

शी! एकशे बारा पत्रं! त्यातल्या शंभरात तरी एकच शब्द — ‘शांतता’. ‘ती शांतता’, ‘त्या शांततेनं माझं आयुष्य बदललं’, ‘त्या शांततेत देव भेटला’. वाचून वाचून वीट आला.

रेडिओवरच्या दाढीवाल्याला मी हो म्हटलंच का? मध्येच सगळं थांबतं त्या गाण्याला चाळीस वर्षं झाली म्हणून हा कार्यक्रम करतोय. लोकांकडून आठवणी मागवल्यात, आणि निवडायला मी — कारण स्टुडिओत नोकरीला असलेल्यांपैकी एवढी एकच शिल्लक. “मावशी, तुम्ही तिथे होतात! केवढं भाग्य!” भाग्य कसलं डोंबलाचं. मी टेप कापणारी पोरगी होते. ब्लेड, पिवळी पेन्सिल, चिकटपट्टी. दिवसभर वाकून वाकून पाठीचा पार चुथडा.

५ मार्च

आजचे नमुने. एकानं मनगटावर रिकामा चौकोन गोंदवून घेतलाय. ही म्हणे ‘ती शांतता’. फोटोही पाठवलाय, केसांसकट. जेवण गेलं नाही.

एक दातांचा डॉक्टर. दात काढताना हेच गाणं लावतो, आणि शांतता आली की ओढतो. वर लिहितो, ‘पेशंट भारावून जातात’. भारावतील नाहीतर काय, तोंडात पक्कड आहे!

आणि दोन मित्र अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. शांतता दोन सेकंदांची की तीन, यावरून! अडीच आहे, गाढवांनो. मी स्वतः मोजून चिकटवली आहे.

६ मार्च

एक म्हणतो, भारीतले हेडफोन लावले की त्या शांततेत गायकाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. अरे, तिथे पांढरं प्लास्टिक आहे! टेपच्या टोकाला लावतात ती कोरी पट्टी. तिला कसलं काळीज?

आणि गायकाच्या काळजाचं तर बोलूच नये. आम्ही त्याला वाघ म्हणायचो, कारण दिवसभर डरकाळ्या. स्वतःशिवाय कुणाचा आवाज त्यानं जन्मात ऐकला नाही. गेला बिचारा. जाऊ दे.

८ मार्च

आज हद्द झाली. एक गृहस्थ लिहितात, ‘मी त्या दिवशी स्टुडिओत हजर होतो. गायकानं हात वर केला आणि म्हणाला, इथे काही नको.’ पाच पानं! थापाड्या! तिथे कोण कोण होतं ते मला तोंडपाठ आहे, हा त्यात नव्हता. रागानं पानं टराटरा फाडली. मग फाडलेले तुकडे हातात धरून तशीच बसले.

थापाड्या म्हणणारी मी कोण?

लिहून टाकते. निदान इथे तरी.

तिथे शांतता नव्हतीच. तिथे माझी ताई होती. सगळी वाद्यं थांबायची आणि ताई एकटी एक ओळ गायची. तेव्हा सगळे एकदमच गात-वाजवत, एकाच टेपवर. ओळीच्या आधी कुणीतरी खोकलं होतं. रेकॉर्डिंगवाले साहेब तापानं घरी गेले आणि जाताना मला म्हणाले, “तेवढा खोकला काढून टाक.” मी ताईची ओळ सोडवून घेतली, टोकाला चिकटपट्टी लावून टेबलाच्या कडेला लटकवली आणि खोकला कापायला वळले. परत बघते तर तुकडा नाही! दीड हात टेप. जमीन शोधली, कचऱ्याची बादली उपडी केली. नाही म्हणजे नाही.

वीस वर्षांची होते.  त्या जागी कोरी पट्टी चिकटवली. वाघ आला तेव्हा मी म्हणाले, “ताईचा सूर खाली गेला होता. ऐकवत नव्हतं, म्हणून काढलं.” त्यानं ऐकलं. म्हणाला, “अरे वा! असंच ठेवा.”

साहेब आठ दिवसांनी आले तोवर रेकॉर्ड छापायला गेली होती. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग दुसरी टेप चढवली.

ताईला मीच सांगितलं. “सूर लागला नव्हता गं.” ती म्हणाली, “असं होय.” त्यानंतर ती गायलीच नाही. भाच्याला झोपवतानासुद्धा नुसती थोपटायची.

मला माझीच शिसारी येते. पत्रवाल्यांची नाही.

९ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

११ मार्च

दाढीवाल्यानं नवीन टूम काढली. मी स्वतः माइकवर येऊन सांगायचं, शांतता कशी सुचली ते. वीस तारखेला. मी म्हटलं, वाघाला सुचली. “बस, हेच सांगा मावशी!” किती सोपं आहे. चाळीस वर्षं हेच सांगतेय.

संध्याकाळी ताईचा फोन. गुडघ्याचं रडगाणं, सुनेचं कौतुक, मग हळूच — “वीस तारखेला बोलणार आहेस म्हणे. मी ऐकणार हं. सगळं नीट सांग.”

मी म्हटलं, “त्यात काय सांगायचंय?”

“ते तूच ठरव,” म्हणाली.

१४ मार्च

रंगीत तालीम. काचेच्या खोलीत बसून घडाघडा खोटं बोलले, आवाज एकदाही अडखळला नाही. दाढीवाल्याच्या डोळ्यांत पाणी! घरी येऊन साबणानं तोंड धुतलं, दोनदा. काही उपयोग नाही.

ताईला सांगून टाकावं? आज? उद्या? साठाव्या वर्षीही फोन उचलते आणि परत ठेवते.

१७ मार्च

शेवटचा गठ्ठा आला. त्यात एक जाड पाकीट, वर ताईचं अक्षर.

आत तपकिरी टेपची गुंडाळी. दीड हात. टोकाला पिवळी पडलेली चिकटपट्टी. सोबत चिठ्ठी —

‘आठवणी मागवल्यात ना? ही घे माझी. तुझ्या स्वेटरच्या पाठीला चिकटून घरी आली होती, धुवायला घेतला तेव्हा सापडली. साहेबांनी वाजवून दाखवली. सूर चोख आहे. पण बाबा घरी बसलेले, घर तुझ्या पगारावर. बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. गाणं सोडलं ते सुरामुळे नाही गं. तोंड उघडलं की तुझा चेहरा समोर यायचा. आता तू सुटलीस नोकरीतून. वाजव.’

निवडलेल्या पत्रांत हेच सगळ्यात वर ठेवलं.