नदीची जागा कोरी ठेवावी

जुल्फातल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, आणि पाण्याने चित्र काढणाऱ्या सगळ्यांनो,

तुमची-माझी तक्रार एकच आहे. आपण जे पाहतो ते कागदावर ठेवतो, आणि मग दुसराच कोणीतरी येऊन त्यात आपल्या सोयीचं पाणी भरतो. इस्फहानची नदी वर्षातले बहुतेक महिने कोरडी असते हे पुलावर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. दुकानात टांगलेल्या चित्रांत मात्र ती बारमाही वाहते. ती चित्रं तुमच्या हातची आहेत. त्यांतलं पाणी तुमचं नाही. या अन्यायावर मी सभांत बोलले, चर्चच्या अंगणात बोलले, लोकांच्या लग्नाच्या जेवणांतही बोलले, आणि लोकांनी "बाई फार तापतात" म्हणून मला सरबत पाजलं. आता लिहून ठेवते. लिहिलेल्यावर सरबत ओतता येत नाही.

मी, अरुस्याक मिनासियान, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा जलरंगाची शिकवणी, राहणार नवी जुल्फा, म्हणजे इस्फहानमधली आर्मेनियन वस्ती, लिहून ठेवते की येत्या सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टरांना शंका आहे ती हृदयाबद्दल. डोक्याबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही. बुद्धी शाबूत आहे, हात स्थिर आहे. माझ्यावर दडपण आणणारा इसम या घडीला बाहेर अंगणात येरझाऱ्या घालतो आहे, सबब दडपण खोलीच्या बाहेर आहे असं कायद्याने समजावं.

सदर इसम म्हणजे माझा भाचा गारनिक, माझ्या दिवंगत थोरल्या भावाचा, चित्रकार ह्रांतचा मुलगा. चर्चच्या रस्त्यावर त्याचं प्रवाशांना चित्रं विकण्याचं दुकान आहे. आज सकाळी तो एक तयार कागद घेऊन आला.

"आत्या, नुसती सही कर. ऑपरेशनच्या आधी सगळं माझ्या नावावर झालं की तुला घोर नाही."

"मला घोर कधी होता? घोर तुला आहे."

"लोक काय म्हणतील? सख्खा भाचा असताना म्हातारीने घर पोरांच्या घोळक्याला दिलं?"

"म्हणू देत. पहिल्यांदाच खरं बोलतील."

तो कागद माझ्या उजव्या हाताशी आहे. त्यावर कुंचले पुसून पाहिले. फार गुळगुळीत आहे, पाणी पीत नाही. त्याही कामाचा नाही.

कलम पहिलं, घर. माझ्या स्वकष्टार्जित घराच्या पूर्वेस कोरडा पाट, पश्चिमेस नसरोल्ला आगांचं पुस्तकबांधणीचं दुकान, दक्षिणेस चर्चकडे जाणारी फरसबंद गल्ली आणि उत्तरेस मोकळं आकाश आहे. घर मी वर्गाला देते. त्याची व्यवस्था माझी विद्यार्थिनी शोघिक बाबायान हिने पाहावी. उत्तरेची खिडकी कधीही बुजवू नये. तिच्यातून ऊन थेट येत नाही, म्हणून तिथला उजेड सकाळी एक आणि दुपारी दुसरं असं बोलत नाही. माणसांत हा गुण मी फार थोड्यांत पाहिला.

कलम दुसरं, कागद. कपाटात जाड सुती कागदाचे ताव आहेत. ते सगळे नवशिक्यांचे. अगदी पहिल्या दिवशी येणाऱ्यांचे. लोक उलट करतात हे मला माहीत आहे. ह्रांतही उलट करायचा: स्वतःला सुती कागद, मुलांना वहीचा. वहीचा कागद पाणी लागताच पापडासारखा उठतो, रंग त्याच्या खळग्यांत साचतो, आणि मूल घरी जाऊन सांगतं की माझा हातच वाईट आहे. हात वाईट नव्हता. कागद वाईट होता, आणि तो जाणून दिला होता. याला शिकवणं म्हणत नाहीत, हाकलणं म्हणतात. अशी हाकललेली किती माणसं या शहरात भाजी निवडत आणि हिशेब लिहीत बसली आहेत, आणि आपल्याला चित्र येत नाही असं समजून मरणार आहेत, याचा कोणाला तरी राग यायला हवा. मला येतो.

नसरोल्ला आगा हे ताव मला आणून देतात. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, "खानम, असला कागद पोरांना? मग तुम्ही कशावर काढणार?"

"त्यांच्या पाठकोऱ्यांवर."

ते हसले, पण त्यानंतर कोपरा दुमडलेला एकही ताव त्यांनी मला दिला नाही.

ताव आधी पूर्ण भिजवावा. लाकडी फळीवर पसरून चारही कडा डिंकाच्या पट्टीने चिकटवाव्यात. फळी आडवीच ठेवावी आणि कागद आपोआप वाळू द्यावा. वाळताना तो डफासारखा ताणला जातो आणि मग कितीही पाणी ओता, उठत नाही. फळ्या भिंतीशी आहेत. त्यांवरचे डाग खरवडून काढू नयेत. तो या वर्गाचा इतिहास आहे, आणि तो कोणी छापणार नाही.

कलम तिसरं, हत्यारं. खारीच्या केसांचा जाड कुंचला शोघिकला. मधल्या आकाराचे गोल कुंचले ज्याला लागतील त्याला. घेण्याआधी पाण्यात बुडवून एक झटका द्यावा. टोक आपणहून जुळलं तर घ्यावा, फाटलं तर त्याने डिंक लावावा. कुंचला बरणीत डोक्यावर उभा करून ठेवणाऱ्याला या घरात चहा मिळणार नाही. आकाशाला जाड, घुमटाला मधला, कमानीच्या सावलीला बारीक. नवशिक्याला याहून जास्त लागत नाहीत. दुकानदार डझनाचा संच पुढे करील. नको म्हणावं.

पाण्याच्या बरण्या नेहमी दोन. एकीत कुंचला धुवायचा, दुसरीतलं स्वच्छ पाणी रंगात मिसळायचं. दोन्हींचं एका बरणीत भागवणाऱ्याचं आकाश चिखलाचं होतं. रंग कालवायला माझी पांढरी चिनीमातीची ताटली आहे, जिच्यात आईने आयुष्यभर डोलमा वाढला. पांढरीच ताटली का, तर रंग कागदावर कसा दिसेल ते तिच्यावर आधी कळतं. आईला मात्र हे कारण शेवटपर्यंत पटलं नाही.

पेटीत पांढरा रंग नाही. शोधू नये. हा या कलेचा पहिला आणि शेवटचा नियम आहे, आणि मी तो इतक्यांदा ओरडून सांगितला आहे की शेजारच्या बायका तो एकमेकींना ऐकवतात: पांढरा विकत मिळत नाही. तो आधीपासून असतो. आपण फक्त तो बुजवायचा नाही. घुमटावरचं ऊन म्हणजे कोरा कागद. चहाच्या पेल्यावरची चमक म्हणजे कोरा कागद. आधी फिकं, मग गडद. जे उजळ राहायचं आहे त्याला हातच लावायचा नाही. तेलरंगवाला मागे फिरून चूक झाकू शकतो. आपल्याला आधी ठरवावं लागतं की काय सोडायचं.

आणि सोडलेलं सोडावं. आकाशाचा हात देताना फळी किंचित कलती ठेवावी, कडेला साचलेला पाण्याचा थेंब कुंचल्याने डावीकडून उजवीकडे ओढत खाली आणावा, शेवटी कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावा आणि हात मागे बांधून उभं राहावं. अर्धवट वाळलेल्या रंगात "जरासं नीट करतो" म्हणून जो पुन्हा घुसतो, त्याच्या आकाशात फुटक्या कडांच्या डागांची फुलकोबी उगवते. गारनिक लहानपणी याच टेबलाशी बसायचा. त्याच्या प्रत्येक आकाशात भाजी असायची. मी म्हणायचे, "थांब रे, वाळू दे." तो म्हणायचा, "आत्या, वाळल्यावर काय मजा?" आजही तो थांबत नाही. मी अजून वाळलेले नाही.

कलम चौथं, शिल्लक. बँकेत जे काही असेल ते आणि ह्रांतची सोनसाखळी, सर्व गारनिकला. त्याला तेच हवं आहे. त्याने ते न्यावं. माझ्या भावाचा तो मुलगा आहे, आणि तापात मी त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या आहेत. त्याच्यावर माझा राग नाही असं मी लिहिलं तर हे मृत्युपत्र खोटं ठरेल. राग आहे, आणि शिल्लकही त्याचीच आहे.

कलम पाचवं. याच्यासाठीच बाकीची कलमं लिहिली.

शोघिकचा बाप नदीवर होड्या भाड्याने द्यायचा. त्या हंसाच्या आकाराच्या, पायाने चालवायच्या. पाणी गेलं तसा धंदा गेला. हंस काठाच्या गाळात कलंडून पडले ते आजही तसेच आहेत. मागच्या शरदात शोघिक रोज तिथे फळी घेऊन बसली. तिने तेहतीस कमानींचा पूल काढला, गाळातले हंस काढले, आणि नदीच्या जागी काहीच काढलं नाही. नुसता कागद सोडला. इतकी वर्षं शिकवताना तो नियम कशासाठी आहे हे मला त्या चित्रापुढे कळलं. ती पोर म्हणाली, "बाई, हे तुम्हाला. बाबांना दाखवलं तर ते रडतील." मी ते घेतलं, म्हणून कायद्याने ते माझं आहे. चौकटीसाठी मी ते झावेनकडे दिलं. आमच्या गल्लीत चौकटी तोच करतो. गारनिकने "आत्याने मागवलंय" असं सांगून ते त्याच्याकडून उचललं.

गेल्या रविवारी प्रार्थना संपवून घरी येताना मी ते त्याच्या दुकानात पाहिलं. कोऱ्या जागेत काठोकाठ निळं पाणी. कोपऱ्यात त्याच निळ्यात ह्रांतची सही, ज्याला मरून बरीच वर्षं झाली पण ज्याच्या नावाला अजून भाव येतो.

"आत्या, चिडू नकोस. गिऱ्हाईक काय खड्डा विकत घेणार आहे? नदी म्हटली की पाणी हवं."

"मग पाणी अडवणाऱ्यांकडे जाऊन माग. पोरीच्या कागदावर काय मागतोस?"

"हॉटेलवाल्यांना फार आवडलंय. शनिवारी नेतायत."

"त्यांना हंस दिसले का?"

"दिसले की."

"आडवे हंस पाण्यात काय करतायत? बुडतायत?"

तेव्हा दुकानातल्या एका पाहुण्या बाईने खरोखरच विचारलं की इथे काही अपघात झाला होता का. गारनिकचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण तो हसून म्हणाला, "कोण एवढं बघतंय, आत्या." मग दुकानात चौकटी पोचवायला आलेल्या झावेनने मला हळूच सांगितलं, "काच नको म्हणालाय. वार्निशचा डबा मागवलाय, आला की मारणार आहे. चमकतं म्हणे."

जलरंगावर वार्निश बसलं की खालचा थेंबसुद्धा हलत नाही. त्या पोरीच्या बापाची नदी कायमची भरलेली राहील, आणि तीही माझ्या भावाच्या नावावर.

आता जे लिहिते ते गारनिकलाही ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचते आहे. त्याच्या बुटांचा आवाज थांबला आहे. ऐकतो आहे.

गारनिक, तू स्वतः रंग विकत घेत नाहीस. माझ्या पेटीतून नेतोस. निळ्या वडीत तुझ्या राठ कुंचल्याने पडलेला खड्डा मी ओळखते. म्हणून तुझी पहिली भरलेली नदी पाहिली त्याच आठवड्यात मी पेटीतला पक्का निळा काढून टाकला, तो गडद, कागदात दात रुतवणारा, जो धुतला तरी डाग ठेवतो. त्याच्या जागी कोबाल्ट निळा ठेवला. कोबाल्ट कागदावर नुसता बसतो, आत शिरत नाही. हा फरक मी पहिल्याच महिन्यात शिकवते. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. रविवारी तू पाहुणीला समजावत असताना मी ओलं बोट चित्राच्या कडेला टेकवलं. बोट निळं झालं. खाली कागद पांढरा होता.

सबब सदर चित्र मी शोघिक बाबायान हिला देते. बाकीची कलमं माझ्या मृत्यूनंतर लागू व्हावीत. हे कलम माझ्या सहीबरोबर लागू आहे. शोघिक, रीत लक्षात ठेव. स्वच्छ पाणी फक्त निळ्यावर सोडायचं, हंसांना लागू द्यायचं नाही. घटकाभर थांबायचं. मग मऊ ओल्या कुंचल्याने रंग सैल करायचा आणि कापसाच्या बोळ्याने टिपायचा. घासायचं नाही, घासलं तर कागदाची साय निघेल आणि नदी कायमची खरबरीत होईल. हात थरथरला तर थांब. तुझा हात वाईट नाही. कागद मी निवडला होता.

हे मृत्युपत्र मी वर्गाच्या टेबलावर, भर दुपारी, उत्तरेच्या उजेडात, स्वतःच्या मर्जीने लिहिलं, जमलेल्या वर्गासमक्ष आणि साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवलं, आणि यातला एकही शब्द कोणी माझ्यासाठी रंगवलेला नाही.

सही: अरुस्याक मिनासियान

साक्षीदार:
नसरोल्ला सह्हाफ, पुस्तकबांधणी, शेजारी
झावेन तेर-पोघोसियान, चौकटी करणारा

स्थळ: नवी जुल्फा, इस्फहान
गुरुवार, २२ नोव्हेंबर २०१८

सह्या झाल्या. वार्निशचा डबा दुकानात येऊन पडला आहे असं झावेन आत्ताच म्हणाला. नसरोल्ला आगा, दार उघडा. गारनिक दारात उभा असेल तर त्याला बाजूला व्हायला सांगू नका, बरोबर घ्या, त्यानेही बघावं. बाकीच्यांनी मागोमाग चालावं. शोघिक, स्वच्छ पाण्याची बरणी उचल, जा, आणि तो निळा पुसून काढ.