पंपघराच्या नकाशाची वेळ

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (माझा विचारू नकोस, आनंदाने उड्या मारून दुखावलाय.) दादा रुसून तुझ्याकडे येऊन बसलाय, धड जेवतही नाही, हे बाबांकडून कळलं. आता बातमी ऐक. तुझा मुलगा निर्दोष आहे, आणि हे मी सिद्ध केलंय.

त्याने अर्धवटच सांगितलं असेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमच्या ऑफिसात पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे निघतात. मंजूर नकाशाला कोणी हात लावायचा नाही, हा साहेबांचा दंडक, आणि त्यावर पहारा माझा (मीच मागून घेतलेला). रोज सकाळी कॉम्प्युटरकडून फाइलींची यादी घ्यायची. प्रत्येकीपुढे शेवटच्या बदलाची तारीख नि वेळ येते, ती कालच्या यादीशी ताडायची. मागच्या आठवड्यात ताडतो तर काय, पंपघराच्या नकाशापुढची वेळ गायब आणि तिथे नुसतं वर्ष. तारीख तीच. कोणीतरी फाइल उघडून वेळ पुसली, दुसरं काय असणार? पासवर्ड दोघांनाच ठाऊक, मला आणि दादाला. मी तर केलं नव्हतं (स्वतःला खोदून खोदून विचारलं). मग साहेबांसमोर, सगळ्या ऑफिससमोर, मी दादाचं नाव घेतलं. तो डबा उचलून निघून गेला.

खरी गंमत पुढेच आहे. मी पासवर्ड बदलला (नवा फक्त साहेबांना सांगितला), तरी दुसऱ्या दिवशी टाकीच्या नकाशाची वेळ गेली. मग मी साहेबांवरच नजर ठेवली. ते चहाला उठले की मी मागोमाग. शेवटी त्यांनी दंड धरून मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, अरे, ती यादी कशी वाचायची याची माहिती तरी वाच. वाचली आणि उडालोच. फाइल सहा महिन्यांहून जुनी झाली की हा कॉम्प्युटर पठ्ठ्या यादीत वेळ दाखवायची सोडतो आणि वर्ष दाखवतो. वेळ आत शाबूत असते. सगळं दाखव म्हटलं की सेकंदासकट काढून देतो. आत्या, चोर नव्हताच. मला तर तेव्हापासून झोप नाही, भेटेल त्याला धरून हेच सांगतोय.

तुझा (निदान मागच्या आठवड्यापर्यंत) लाडका भाचा

ता. क. शोध मी लावला असं वर लिहिलंय खरं. पण दादाने त्याच दिवशी सगळ्यांसमोर शांतपणे हेच सांगितलं होतं. मी त्याला मध्येच गप्प केलं.

आणखी एक. तुझा चष्मा दुरुस्तीला गेलाय म्हणे, म्हणजे हे पत्र तुला दादाच वाचून दाखवत असणार. दादा, चुकलं माझं. तुझ्या खुर्चीवर मी कोणाला बसू दिलेलं नाही. सोमवारी ये. आणि पुढची ओळ मोठ्याने वाच, गाळू नकोस: आत्या, याचा कान धर आणि पाठव.