मुठीएवढा गोळा

काब्वे,
रविवार, चर्चमधून आल्यावर

मेहुणेबुवा सिल्व्हेस्टर चिसांगा यांना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे बोनिफेस कपेंबवाचा, आदरपूर्वक नमस्कार.

तुम्ही, वहिनी आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. म्पिकाला यंदा मका बरा आला असं ऐकलं. तुमचा गुडघा कसा आहे? आम्ही इकडे जिवंत आहोत. आमची लेक चोला लुसाकात बऱ्या नोकरीला लागली, आंब्याला वाळवी लागली, आणि मी खाली लिहितो तसा आहे.

हे पत्र तक्रारीचं आहे. आमच्या लग्नात तुम्ही दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर उभं राहून म्हणाला होतात, “आमच्या फेलिस्टसचं काही चुकलं तर आधी मला कळवायचं, बाहेर बोलायचं नाही.” चौतीस वर्षांत मी तुम्हाला एकदाही कळवलं नाही. (एकदा लिहिलं होतं, पण तेव्हा चूक माझी निघाली आणि पत्र फाडावं लागलं.) आता मात्र कळवणं भाग आहे. तुमची बहीण मला उपाशी ठेवते.

सुरुवात मार्चमध्ये झाली. आमच्या वस्तीची पाण्याच्या नळासाठी सभा होती आणि सभेत मला झोप लागली. सभेत झोप लागणं ही काही गाजावाजा करण्याची गोष्ट नाही, अर्धी वस्ती झोपते. पण मी अध्यक्ष होतो, आणि त्या वेळी बोलत मीच होतो. लोक म्हणतात, मी “नळ” म्हणालो आणि थांबलो. सगळ्यांना वाटलं विचार करतोय. चार-पाच मिनिटं लोकांनी आदराने वाट पाहिली, मग मी घोरायला लागलो. वास्तविक मी सदतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो, झोपेवर माझा केवढा ताबा! पण निवृत्त झाल्यापासून हे असं चाललं होतं. सकाळी उठावं तर डोकं जड, जसं काही रात्रभर कुणी पोती वाहायला लावली. दुपारी जेवावं आणि खुर्चीतच पडावं. संध्याकाळी त्या थकव्यावर उपाय म्हणून चार चमचे साखरेचा चहा आणि अर्धा पाव घ्यावा. आणि नऊ वाजता नीट जेवायला बसावं. नीट म्हणजे न्शिमाचे चार गोळे, मक्याच्या पांढऱ्याशुभ्र पिठाचे घट्ट शिजवलेले, सोबत तळलेली सुकी मासळी. न्शिमा पोटात गेल्याशिवाय माणूस जेवला असं आपल्यात कोण म्हणतं? भात खाल्ला तरी आपण “आज जेवण झालं नाही” असंच सांगतो.

तुमच्या बहिणीने मला दवाखान्यात नेलं. तिथे सिस्टर जेरे म्हणून एक न्गोनी जमातीची बाई आहे. आता न्गोनींना आपल्या बेम्बांना टोमणे मारायचा पिढीजात हक्क आहे आणि आपल्याला त्यांना, ते मी मानतो. पण तो हक्क वजनकाट्याजवळ वापरू नये. काट्याने एकशे अठरा किलो दाखवले. मी म्हटलं, काटा बिघडलाय. ती स्वतः चढली, अठ्ठावन्न. मग म्हणाली, “बाबा, काटा फक्त बेम्बांसाठीच बिघडतो वाटतं.” मग तुमच्या बहिणीला बाजूला बसवून बराच वेळ काहीबाही विचारलं, मला बाहेर ठेवून. परत बोलावल्यावर म्हणाली, “तुम्हा लोकांचं तोंड मिटतच नाही. बोलताना उघडं, खाताना उघडं, आणि झोपेत घोरताना तर सताड उघडं.” मी म्हटलं, उंदीर खाणाऱ्यांनी मला खाणं शिकवू नये. ती हसली, आणि हसत हसत कागदावर लिहीत गेली.

तो कागद आमच्या स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीशेजारी चिकटवलेला आहे. संध्याकाळचं जेवण सहाच्या आत. पीठ सालासकट दळलेलं. ताटात निम्मी जागा पालेभाजीला, उरलेल्यात घेवड्याची उसळ किंवा मासळी, तीही तळलेली नाही. चहा बिनसाखरेचा, आणि चारनंतर तोही नाही. बिअर नाही. झोपायचं ते कुशीवर. आणि न्शिमा एका जेवणाला मुठीएवढा एकच गोळा. मेहुणे, मूठ कुणाची हे कागदावर लिहिलेलं नाही. माझी मूठ देवाच्या कृपेने भरघोस आहे, लाल दिव्याचा कंदील मी दोन बोटांत धरायचो. पण तुमच्या बहिणीने स्वतःची मूठ वळून गोळ्याशेजारी ठेवली. तुम्ही तिची मूठ पाहिली आहे. शिंपल्याएवढी आहे हो.

पहिल्या आठवड्यात मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसायला लागलो, बरोबर जेवणाच्या वेळेला. आपल्यात आल्यागेल्याला हात धुवायला पाणी देऊन जेवायला बसवण्याची रीत आहे. पाणी कुणीच देईना. तिसऱ्या घरी बाईने दारातूनच सांगितलं, “चोलाच्या आईने सांगून ठेवलंय, बाबांना काही द्यायचं नाही. बसा ना, गप्पा मारू.” गप्पा! मी घरी परतलो.

आता जे सांगतो ते शांतपणे वाचा. एका शनिवारी रेल्वेफाटकापलीकडून मी चाललो होतो तर एका अंगणात ताडपत्री, बाकं, बाहेर पुरुष बसलेले, आत बायका रडतायत, आणि मागच्या बाजूला तीन मोठी पातेली. मयताचं घर होतं. मयताच्या घरी येणाऱ्याला कोण तुम्ही असं विचारत नाहीत आणि न जेवता सोडत नाहीत. मी टोपी काढली आणि बाकावर बसलो. (दुःख मला खरंच झालं होतं, फक्त कारण वेगळं होतं.) न्शिमा आला. पांढरा! मी दोनदा घेतला. तिसऱ्यांदा घेताना शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “तुमची ओळख कुठली?” मी म्हटलं, रेल्वेतला. त्याचा चेहराच उजळला. तो आतल्या लोकांना ओरडून म्हणाला, “अरे, रेल्वेचा माणूस आला! शेवटी कुणीतरी आलं!” गेलेला माणूस रेल्वेत होता, मेहुणे. काब्वेत दर दुसरा माणूस रेल्वेत होता, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मला दफनभूमीत नेण्यात आलं, तेही पुढच्या गाडीतून. तिथे पाद्रीबाबांचं झाल्यावर जाहीर केलं, “आता त्यांचे रेल्वेतले सहकारी दोन शब्द बोलतील.” मी उभा राहिलो. नाव मला पुष्पचक्रावर वाचता आलं, हामूंगा. त्यापलीकडे मला काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा मी मनातलं बोललो. म्हटलं, हामूंगा म्हणजे ताटावर प्रेम करणारा माणूस. आपल्या पिढीला पोटभर जेवणं म्हणजे काय ते कळतं. आज घराघरांत लोक भुकेलेल्या माणसासमोर मूठ धरतात, पण हामूंगाने कधी गोळे मोजले नाहीत. इथे मला खरोखर रडू फुटलं. बायकाही रडल्या. त्याची विधवा मात्र माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती.

सोमवारी ती तिच्या भावाला घेऊन माझे आभार मानायला घरी आली. दार तुमच्या बहिणीने उघडलं. विधवा मोठी सज्जन बाई. म्हणाली, “तुमचे यजमान फार मनापासून बोलले. बहुतेक दुसऱ्याच कुणाबद्दल बोलले, पण मनापासून. आमचे हे तर न्शिमाला जेमतेम शिवायचे. एवढासा गोळा, आणि पाला मात्र गाईसारखा खायचे. सूर्य मावळायच्या आत जेवण, आठला झोप, आणि झोपेत श्वासाचासुद्धा आवाज नाही.” तुमच्या बहिणीने विचारलं, “वय काय होतं?” “एक्क्याण्णव,” ती म्हणाली.

पाहुणे गेल्यावर मी बोलणी खायची तयारी करून बसलो. तेवढीच एक गोष्ट मला पोटभर मिळत होती. पण ती उठून बाहेर गेली. अंगणात शेंगा सोलत बसली. शेवटी मीच म्हटलं, “बोल की.”

ती म्हणाली, “काल चौदा वेळा.”

“काय चौदा वेळा?”

“तुमचा श्वास थांबला. आधी घोरता, मग एकदम काहीच नाही. मी मोजते. वीस आकडे मोजले की हलवते. तुम्ही शिव्या देता आणि कूस बदलता. परवा सतरा वेळा. तुम्ही गपचूप चापून जेवून आलात की वाढतं, मला कळतं.”

मी विचारलं, “मग तू झोपतेस केव्हा?”

“तुम्ही दुपारी खुर्चीत पडता ना, तेव्हा. दिवसा तुम्ही बसलेले असता, मान सरळ असते.”

मेहुणे, आठ महिने ती अशी जागत होती. मला वाटायचं ही बाई म्हातारपणी चिडखोर झाली. भांडी आपटते, चहात मीठ टाकते, भर चर्चमध्ये डुलक्या काढते. त्याबद्दल मी तिला हसलोही होतो, लोकांसमोर. मी उठलो, तिच्या पुढ्यात बसलो आणि शेंगा सोलायला लागलो. शेंगा मी एकही खाल्ली नाही, तेही इथे नोंदवून ठेवतो.

त्याला पाच महिने झाले. माझं वजन एकशे पाच आहे. सिस्टर जेरे म्हणते, अजून बरंच जायचं आहे, आणि लुसाकाच्या मोठ्या दवाखान्यात झोपेची तपासणी करायला तिने चिठ्ठी दिली आहे. सालासकट पिठाचा न्शिमा पहिले पंधरा दिवस भुशासारखा लागतो, मग भुशाची सवय होते. भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवला तर चांगला लागतो, हे मी पूर्वी कधी कबूल केलं नसतं. दुपारी मी जागा असतो. वस्तीच्या सभेत परवा माझं भाषण पूर्ण झालं, आणि लोकांना ते आवडलं नाही, कारण ते पूर्ण झालं. श्वास आता रात्रीतून दोन-तीनदाच थांबतो म्हणे, आणि तेवढ्यासाठी ती जागत नाही. ती गाढ झोपते. आणि घोरते, मेहुणे! तुमची बहीण अशी घोरते की मी टक्क जागा असतो. पण मी तिला हलवत नाही. एवढीच माझी तक्रार. योग्य तो विचार व्हावा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचा, दिवसेंदिवस कमी होत चाललेला नवरा,
बोनिफेस कपेंबवा

ता. क. — चोलाच्या आईने पत्र वाचलं. ती म्हणते, एकशे पाच नाही, एकशे सात. आणि चहात मीठ तिने चुकून टाकलेलं नव्हतं.

ता. क. २ — वरची तक्रार मागे घेतो. पत्र खरं म्हणजे पुढच्या ओळींसाठी लिहिलं आहे, पण त्या एकदम लिहायला जमेना. तुमचे वडील झोपेत शांतपणे गेले असं आपण सगळेच सांगतो. त्या वेळी फेलिस्टस चौदा वर्षांची होती आणि पलीकडच्या खोलीत झोपली होती. त्यांचं घोरणं थांबलं तेव्हा तिला बरं वाटलं, आता झोप लागेल म्हणून. हे तिने मला त्या दिवशी शेंगा सोलताना सांगितलं, चौतीस वर्षांत पहिल्यांदा. ते तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. तुम्हाला येत्या ऑगस्टमध्ये सत्तावन्न पूर्ण होतील, आणि वहिनी फोनवर सांगत होत्या की तुम्ही हल्ली ताटावरच पेंगता.

तेव्हा या. महिनाभर राहायच्या तयारीने या. सिस्टर जेरेला मी सांगून ठेवलं आहे की आणखी एक बेम्बा येतोय, याहून जाड. सकाळची बस धरा. कापिरीला ती खाण्याच्या टपऱ्यांसमोर वीस मिनिटं थांबते, तेव्हा खाली उतरू नका. आणि शेजारी कुणी बसलं असेल तर त्याला सांगून ठेवा की तुम्ही घोरता घोरता गप्प झालात तर जोरात हलवायचं.