चौदा दिवसांची बेतणी

दि. २० फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? वॉर्डात दिवसभर उभं राहून ती आता तक्रार करत असेल. हेड नर्सनं खुर्चीत बसू नये असा कुठे नियम नाही, बसत जा. लेकीचा खोकला गेला का? जावईबापूंनी दाढ काढली की अजून गाल धरूनच फिरतात? आणि आमचा बाळ? चौसष्टीचा झाला तरी मला तो बाळच. त्याचा गुडघा, त्याची साखर, त्याची गच्चीवरची झाडं, सगळ्यांची खुशाली वेगवेगळी लिही. सगळे ठीक आहेत असं एका ओळीत उरकू नकोस. मी बरी आहे. डोळ्यांना नवा चश्मा, मशीनला नवा पट्टा, दोघांचंही चाललंय.

आता मुद्द्याचं. आमच्या थोरल्या बहिणीचं, माईचं पत्र आलं. अठ्ठावीस एप्रिलला ती लेकाकडे समुद्रापार चालली, कायमची. वयाच्या ऐंशीव्या वर्षी घर आवरतेय, मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा शेजारच्या मास्तरांना देऊन टाकल्या. तिच्या डोंगराआडच्या गावी आपण अकरा वर्षांत गेलो नाही, हे मला शिलाई उसवल्यासारखं टोचलं. पत्राच्या शेवटी तिनं एकच विचारलंय, बाळ पुन्हा गाडी चालवायला लागला का म्हणून. मी काय उत्तर लिहू?

म्हणून मी चौदा दिवसांचा बेत केलाय. रेल्वेचं वेळापत्रक आणून, खाकी कागद अंथरून, झग्याचा नमुना काढतात तसा तो काढलाय. दोन एप्रिलला बाळानं आगगाडीनं माझ्याकडे यायचं. एक दिवस विश्रांती. मग सरोवराच्या गावी दोन दिवस. पुढे गिरण्यांच्या शहरात दोन दिवस, कारण जन्मभर ज्या गिरणीचं कापड कापलं तिचं धुराडं तरी एकदा बघायचंय. आठ तारखेला रूळ संपतात त्या शेवटच्या स्टेशनात उतरायचं. तिथून पुढे माईच्या गावापर्यंत रेल्वे नाही. तिथे भाड्याची गाडी घ्यायची आणि ती बाळानं चालवायची. नऊला माईकडे, चार दिवस राहायचं, पंधराला आपापल्या घरी.

ड्रायव्हरसकट गाडी मिळते, ठाऊक आहे मला. पण परका माणूस चालवतोय आणि बाळ मागे सामानासारखा बसलाय, असं बघून माई परदेशी गेली तर ती काळजी बरोबर नेईल. तू त्याची बायको आहेस आणि नर्सही, तेव्हा कडू औषध तुझ्या हातून जाऊ दे.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आक्का


दि. २७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

कंबर दुखते पण चालते. खोकला गेला. दाढ अजून तोंडातच आहे, कारण जावईबापू दवाखान्याच्या पायरीवरून परत आले. गच्चीवरच्या झाडांना फुलं आहेत. आता राहिली तुमच्या बंधुराजांची गोष्ट.

पत्र मी मोठ्यानं वाचलं. सरोवरापर्यंत स्वारी खूश होती. गिरण्यांच्या शहराला मान डोलावली. भाड्याची गाडी आली आणि हे उठून झाडांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं. नंतर जेवताना म्हणाले की आक्कानं कात्री चालवावी, माणसं कापू नयेत.

तुम्हाला ठाऊक आहेच, तरी लिहिते, कारण घरात यावर कुणी बोलत नाही. आठ वर्षांपूर्वी ओल्या वळणावर यांची बस घसरली. चाळीस माणसं होती. यांनी ती कठड्याला घासत थांबवली, एकेकाला हात धरून उतरवलं, एकाचं मनगट मुरगळलं तेवढंच. खात्यानं चौकशी करून शाबासकी दिली. पण यांनी दुसऱ्या दिवशी टोपी खुंटीला लावली ती लावलीच. तीस वर्षांचा हात एका वळणावर राहिला. मी किती रुग्ण बघितले, हाड जुळतं पण माणूस पाय टेकवायला भितो. हे त्यातलेच.

एक गुपित सांगते. यांनी लायसन्स मात्र एकदाही संपू दिलेलं नाही. मुदत आली की गुपचूप जाऊन नवं करून आणतात आणि बनियनांच्या खाली ठेवतात. मी कपड्यांच्या घड्या घालते हे विसरतात. ज्याला कधीच गाडी चालवायची नाही तो लायसन्स कशाला जपेल, तुम्हीच सांगा.

मला सुट्टी मिळणार नाही, वॉर्डात दोन नर्स कमी आहेत. एका अर्थी बरंच आहे, मी बरोबर असले की हे आजारी पडण्यात तरबेज. तुम्ही बेत सोडू नका.

तुमच्या मायेची हक्कदार,
तुमची भावजय


दि. ६ मार्च

चि. सौ. वहिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. बनियनांखालच्या लायसन्साला माझा नमस्कार सांग.

बाळाला वाचून दाखव. बाळा, मी शाळा चौथीत सोडली आणि शिवणं कुणाच्या दुकानात शिकले नाही, जुने कपडे उसवून शिकले. त्यातून एक कळलं. गिऱ्हाईक अंगाला बेताचा कपडा मागतं, पण शिवणारीनं आत दोन बोटं कापड दाबून ठेवायचं असतं. माणूस सुटतो, आटतो, कपडा उपयोगी पडला पाहिजे. तुझ्या पुतण्यानं मला काँप्युटरवर केलेला बेत पाठवला होता, त्यात गाडी बदलायला नऊ मिनिटं! माझे गुडघे काय नऊ मिनिटांत जिना चढणार? मी प्रत्येक ठिकाणी दोन तास दाबून ठेवलेत. कुठेही धावायचं नाही.

आणि रस्ता. शेवटच्या स्टेशनातून माईकडे दोन वाटा आहेत. उजवीकडची घाटातून जाते, चौतीस वळणं. डावीकडची नदीच्या काठानं डोंगराला वळसा घालून जाते, लांब आहे, मध्ये एक मुक्काम पडतो, पण परातीसारखी सपाट. आपण नदीकाठानं जायचं. घाटाचं नाव काढायचं नाही. नकाशावर कापडावर खुणा उठवायचं दातेरी चाक फिरवून रस्ता कागदावर उतरवून घेतलाय, वाट दाखवायचं काम माझं.

वहिनी, त्याला तेही झेपत नसेल तर ड्रायव्हर घेऊ. पण ते तिथे, गाडीसमोर उभं राहून ठरवायचं. घरी बसून नाही. त्याला आगगाडीत बसवून देण्याचं तेवढं तुझ्याकडे लागलं.

तुला रोज आठवणारी,
आक्का


दि. २५ मार्च

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, ड्यूटीवर निघालेय.

हे येताहेत. दोन तारखेचं तिकीट काढलं. मात्र तोंडानं कबूल केलंय ते फक्त आगगाडीपुरतं. गाडीचा विषय काढला की यांना ऐकू कमी येतं.

पण शेजारचे सोनार काल हसत हसत सांगत होते. आठ दिवस झाले, हे दुपारी त्यांच्याकडून गाडीची किल्ली मागून नेतात. गाडी जागची हलत नाही, इंजिनही सुरू नसतं. हे आत बसून अर्धा तास क्लच दाबतात, गिअर बदलतात, आरशात मागे बघतात, आणि उतरताना दार हळूच लावतात. सोनारांनी विचारलं तर म्हणाले की सीट आरामाची आहे.

मी घरी एक अक्षर बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. टाके ओले आहेत.

पोचल्याचं नि पुढचंही सविस्तर कळवावं. इकडे जीव टांगणीला लागेल.

तुमची भावजय


दि. १० एप्रिल
माईच्या घरून

चि. सौ. वहिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आधी खुशाली. बाळाचा गुडघा उत्तम, साखर ताब्यात, भूक दांडगी. माई ताठ. मी हसून हसून बेजार. आता बैजवार लिहिते, चहा घेऊन बस. खुर्चीत.

सरोवर बघितलं, धुराडं बघितलं, ते सगळं भेटीत सांगेन. आठ तारखेला शेवटच्या स्टेशनात उतरलो. भाड्याच्या गाड्यांच्या कचेरीतल्या मुलीनं कागद पुढे सरकवून चालक कोण म्हणून विचारलं. मी छताकडे बघत राहिले. जरा वेळानं कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. बाळानं सही केली होती. मी आपली पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

निघालो. चाळीसच्या वर काटा नाही, दोन्ही हातांनी चाक आवळलेलं. मी शेजारी कागद मांडीवर घेऊन वाट दाखवत होते. चौकात म्हटलं उजवीकडे. तो वळला. अकरा किलोमीटरनंतर त्यानं गाडी कडेला घेतली आणि विचारलं की आक्का, नदी कुठे आहे. मी म्हटलं येईल. त्यानं पुढे बोट दाखवलं. समोर पाटी होती, घाट सुरू, चौतीस वळणं.

काय झालं होतं सांगते, हसू नकोस. चाळीस वर्षांची खोड. आम्ही खुणा नेहमी कापडाच्या उलट्या बाजूनं करतो, सुलट बाजूवर रेघ दिसू नये म्हणून. नकाशाही मी तसाच कागदाच्या पाठीवर उतरवला होता. त्यामुळे डावीकडचं सगळं उजवीकडे! तुला पत्रात बरोबर डावीकडे लिहिलं होतं, पण चौकात कागदावर विश्वास ठेवला. झग्याला काही बिघडत नाही, दोन बाह्या सारख्याच. रस्त्याला बिघडतं.

वहिनी, मग तुझा नवरा जो चिडला! तीस वर्षांत एका प्रवाशाला चुकीच्या रस्त्यानं नेलं नाही आणि सख्ख्या बहिणीनं अकरा किलोमीटरांत नेऊन दाखवलं म्हणाला. नमुना माझ्या हातून काढून घेतला, घडी घालून खिशात टाकला, आणि मला मागच्या सीटवर जायला सांगितलं. वर म्हणाला की प्रवाशांनी चालकाशी बोलू नये. आठ वर्षांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी मुकाट्यानं मागे गेले आणि म्हटलं, माझी चूक, परत फिरू, अकरा किलोमीटर म्हणजे काय मोठंसं.

तो खाली उतरला. चारी चाकांना पायानं ठोकून बघितलं. घाटाकडे बघत उभा राहिला. मग आत येऊन सांगितलं की नदीकाठानं उद्या पोचू, इकडून आज संध्याकाळी, आणि माईचा एक दिवस आपण नदीला का द्यायचा. एवढं बोलून त्यानं गाडी पुढे घेतली, मागे नाही.

सहा वळणं ठीक गेली. सातव्या वळणावर कपारीतून झरा वाहत होता आणि रस्ताभर पाणी. त्यानं ब्रेक लावला. मला आरशात त्याचं कपाळ दिसत होतं, ओलं. खूप वेळ इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं. मी पिशवीतला टाचण्यांचा डबा काढून मांडीवर घट्ट धरला. तो पुन्हा उतरला, त्या पाण्यातून चालत पलीकडे गेला, बुटानं रस्ता घासून बघितला, चालत परत आला. बूट झटकले, आत बसला, पहिला गिअर टाकला. ते वळण त्यानं इतकं हळू, इतकं सरळ पार केलं की मांडीवरच्या डब्यातली एक टाचणी वाजली नाही.

आणि मग काय विचारतेस! पुढची सत्तावीस वळणं म्हणजे मऊ कापडातून कात्री. वर पोचल्यावर त्यानं काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि रिकाम्या डोंगराला ऐकवायला लांबच लांब हॉर्न दिला. मी मागे रडत होते. तो आरशातून म्हणाला की प्रवाशांनी गाडीत पाणी सांडू नये.

संध्याकाळी पाचला माईच्या फाटकात. आम्ही उद्या येणार म्हणून ती निवांत होती. शेवटची पेटी मास्तरांकडे पोचवायची राहिली होती, म्हणून तोंडावर जाळी बांधून उभी. आम्हाला गिऱ्हाईक समजून लांबूनच ओरडली की मध संपला, दुकान बंद, माणसं निघाली. मग जाळी वर केली. मला बघितलं, पण मिठी वगैरे काही नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत आधी विचारलं काय, तर गाडी कुणी चालवली. मी बाजूला सरकले. बाळानं नुसती किल्ली वर धरली. माई त्या पेटीवरच बसली आणि हातमोजे काढायला तिला पाच मिनिटं लागली.

आता नवी बातमी. काल सकाळी उठून बघते तर माझा कागद सुलट करून बाळ त्यावर पेन्सिलीनं रेघा मारतोय. माईला विमानतळावर न्यायला तिच्या लेकानं कुठलीशी कंपनीची गाडी ठरवली होती. बाळानं फोन करून ती रद्द केली. विमान तुमच्याच शहरातून आहे, तेव्हा माईला आपण नेणार म्हणतो. अठराला निघायचं, रोज थोडं थोडं, बावीसला तुमच्या दारात. माई पुढे, मी मागे, शिक्षा अजून संपलेली नाही. म्हणजे माझ्या पंधरा तारखेच्या बेताचा त्यानं पार भुगा केला आणि मला त्याचा इतका आनंद झालाय की काय सांगू. भाड्याच्या कचेरीला मुदत वाढवायला फोन केला तेव्हा एवढ्या लांब जायचं तर ड्रायव्हर पाठवू का, असं त्या मुलीनं विचारलं. बाळ म्हणाला की ड्रायव्हर इथेच आहे.

तर माईसाठी तुमच्या खिडकीजवळचा पलंग मोकळा कर, अठ्ठावीसपर्यंत ती तुझ्याकडे. मी सतरंजीवरही झोपेन.

आणि एक निरोप त्यानं तीनदा सांगितलाय, वर मी लिहिला की नाही हे आत्ता खांद्यावरून वाकून बघतोय. बावीसला तुझी ड्यूटी किती वाजता सुटते? माईला आणि मला घरी उतरवून तो गाडी घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी येणार आहे. आठ वर्षं तू दोन बस बदलून घरी येतेस, ते त्यानं रोज गच्चीवरून बघितलंय म्हणे. त्या दिवशी तू बसच्या रांगेत उभी राहायचं नाहीस.

आम्ही अठराला सकाळी निघतो, त्याआधी तुझं पत्र इथे पोचलं पाहिजे. दोनच ओळी चालतील, पण वेळ नीट लिही आणि आजच टपालात टाक.

तुझी,
आक्का